दोन घरांची माणसं

मुलांबा बंदरावर, भर बाजारात, मा-लिकांदो नासिलेलेच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसली आणि तिनं टाळ्या वाजवल्या. हळू, हात पोकळ करून, मान खाली घालून, राजाच्या कारभाऱ्यापुढं वाजवतात तशा. "मु लुमेले, शांग्वे," ती म्हणाली. नमस्कार असो, मालक. मग आणखी तीन टाळ्या. बंदर आता नावालाच होतं, पाणी कालव्याच्या तळाशी गेलेलं आणि होड्या चिखलात कललेल्या. पण बाजार होता, सुक्या मासळीचे ढीग होते, माणसं होती, आणि त्या सगळ्या माणसांनी ते बघितलं. सत्तरीची बाई सेहेचाळीस वर्षांच्या बाईपुढं गुडघे टेकते आहे. त्यातून ती नासिलेलेच्या आईची थोरली बहीण, जिनं तिला चौथ्या वर्षापासून वाढवलं, जिला ती जन्मभर आईच म्हणत आली. नासिलेले वाकली, तिच्या काखेत हात घालून उठवायला गेली. "मा, हे काय चाललंय? ऊठ." म्हातारीचं अंग लाकडासारखं ताठ. तिनं उठवून घेतलं नाही. आपली आपण उठली, कमरेला गुंडाळलेल्या चितेंग्यावरची वाळू झटकली आणि बैलांच्या बिनचाकी घसरगाडीकडे चालू लागली, एकदाही मागं न बघता. कोणी हसलं नाही. मासळीवाली एक बाई शेजारणीला म्हणाली, आणि तेही हळू नव्हे, "साहेबीण झाली ना. आता आईनंही पायरीनं वागायला नको?"

बंदरापासून मोंगू गावातल्या कचेरीपर्यंत चढ आहे, आणि चढभर वाळू. पाऊल टाकलं की अर्धं मागं येतं. नासिलेले गाडी बोलवू शकली असती, पण बसून राहणं तिला जमलं नसतं. डोकं भणभणत होतं. शिवी दे ना, ती मनात म्हणत होती, चारचौघांत थोबाडीत मार, आईच आहेस, तुझा हक्क आहे. पण गुडघे टेकायचे? हे असं शिकवून-सवरून केलेलं थंड काम? या टाळ्या मा-लिकांदोनंच तर तिला शिकवल्या होत्या, नदीच्या मैदानातल्या घरापुढं, वयाच्या पाचव्या वर्षी. हात चपटे ठेवलेस तर भाकरी थापल्यासारखा आवाज येतो, पोकळ धर, आत एक पाखरू आहे असं समज. चुकली की बोटांवर लव्हाळ्याची काडी बसायची. मोठ्यांपुढं बसायचं, आपल्यापेक्षा लहानापुढं कधी नाही, आणि लहान माणूस फार शेफारला तरच, असं म्हणून ती थांबली होती, आणि शेजारच्या बायका तोंडावर हात ठेवून हसल्या होत्या. म्हणजे तेव्हापासून हे हत्यार घरात होतं. चाळीस वर्षं वापरलं नाही आणि आज काढलं, तेही पोरीवर. चपलेत वाळू गेली होती, ती झटकायला नासिलेले एका आंब्याखाली थांबली, चप्पल काढली. आणि न झटकताच पुन्हा पायात घातली.

कारण तिला ठाऊक होतं. कारण ठाऊक नसतं तर राग करायला सोपं गेलं असतं. आठ दिवसांपूर्वी दुष्काळी मदतीची पडताळणी झाली होती आणि मा-लिकांदोचं गाव लिकोंगा व त्याच्या शेजारची दोन गावं, मिळून तीनशे बारा कुटुंबं, यादीतून उडाली होती. कारणाच्या रकान्यात तीनच पर्याय होते: मृत्यू, कायमचं स्थलांतर, खोटी नोंद. पेलेकेलोनं, तिच्याच हाताखालच्या पडताळणी करणाऱ्या माणसानं, तीनशे बाराच्या तीनशे बारांपुढं तिसऱ्यावर खूण केली होती. खोटी नोंद म्हणजे या महिन्यापासून मक्याचं पीठ बंद, शेंगदाणे बंद, आणि वर्षभर त्या गावांनी पुन्हा अर्ज करायचा नाही. आज दुपारी चार वाजता यादी बंद होणार होती आणि तिच्यावर प्रांत समन्वयक म्हणून नासिलेलेची सही लागणार होती. सकाळपासून ती सही टाळत होती. होड्या बघून येते असं सांगून बंदरावर गेली होती, होड्या हलणार नाहीत हे ठाऊक असताना.

कचेरीत हाचिपुका येऊन बसला होता. राजधानीतून आलेला वरिष्ठ, गुबगुबीत, गोड बोलणारा, टेबलावर शेंगांची टरफलं. तो टोंगा, ही लोझी. दोन्ही जमाती मस्करीचे भाऊबंद. टोंगानं लोझीला चोर म्हणायचं, लोझीनं टोंगाला आपला गुराखी म्हणायचं, मयताच्या घरीसुद्धा म्हणायचं, आणि दोघांनी हसायचं. रागवायची सोयच नाही. जो रागावला तो कोता.

"या, राणीसाहेब," हाचिपुका म्हणाला. "तीनशे बारा भुतांना जेवू घालत होता म्हणे तुम्ही. आम्ही टोंगा गाई पाळतो, तुम्ही लोझी भुतं पाळता."

नासिलेलेनं हसायला तोंड उघडलं आणि ते हसलं नाही. एरवी तिनं म्हटलं असतं, गुराख्या, आधी हात धुऊन ये. चार वर्षं ती हसत आली होती. दारू पिऊन होड्या चालवणारे लोझी, दोन-दोन बायका तशी दोन-दोन घरं ठेवणारे लोझी, पाणी आलं की पळणारे लोझी, सगळ्यावर हसली होती, आणि हसता हसता काम काढून घेत होती. आज मात्र तिला दिसलं की मस्करीच्या आडून हा माणूस जे बोलतो ते त्याला खरंच वाटतं. ते मनापासून आहे, आणि मस्करी हे फक्त त्याचं छप्पर.

"ती भुतं नाहीत," ती म्हणाली.

"पेलेकेलो, सांग बाबा."

पेलेकेलो भिंतीशी उभा होता. उंच, वाकलेला, पन्नाशीचा, कायम काखेत फाइल. "मैदानाच्या काठावर, वरच्या घरी गेलो, शांग्वे. तिन्ही गावांच्या. घरं रिकामी. चूल गार. कोंबडंसुद्धा नाही. मार्च महिना होता, कॅलेंडरप्रमाणं गेलो."

"आणि खाली मैदानात?"

"मैदानात जायचं कॅलेंडरात नव्हतं."

"पाणी आलं नाही यंदा, पेलेकेलो. तुम्हाला दिसलं नाही? पाणीच आलं नाही तर माणसं वर कशाला येतील?"

"दिसलं, शांग्वे."

"मग?"

पेलेकेलोनं फाइल या काखेतून त्या काखेत घेतली. "कॅलेंडर तुमचं होतं. तुम्ही जाणत्या. विचारणारा मी कोण?"

तिला त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. तू लोझी नाहीस? तुझी आई नाही खालच्या उंचवट्यावर बसलेली? तुलाही शेणानं सारवलेली दोन घरं नाहीत, एक पाण्याआधीचं आणि एक पाण्यानंतरचं? रिकाम्या घरापुढं उभं राहून हा मनुष्य एकापाठोपाठ एक तीनशे बारा खुणा करतो, हात दुखला नाही याचा? पण ती जागची हलली नाही, कारण त्याचं वाक्य तिथंच खोलीत होतं आणि ते खोटं नव्हतं. कॅलेंडर तिचं होतं. अक्षरशः तिच्या हातचं. चार वर्षांपूर्वी राजधानीची माणसं भर पुरात मैदानात जायची, पाण्यातून वर आलेले रिकामे उंचवटे बघायची आणि गावंच्या गावं खोडायची. तेव्हा शाळेतली मास्तरीण असलेली नासिलेले त्यांच्या बैठकीत उभी राहून भांडली होती. अहो, ही दोन घरांची माणसं आहेत, दरवर्षी पूर आला की काठावर वर, ओसरला की मैदानात खाली, त्यांना एका ठिकाणी शोधाल तर सापडणार नाहीत. तिनं भिंतीएवढा नकाशा काढला. प्रत्येक कुटुंबाचे दोन ठिपके, तांबडा खालचा, निळा वरचा. खाली बारा महिन्यांची पट्टी. मार्च ते जून, निळं. सगळ्यांनी वाहवा केली. त्या नकाशावर तिला ही खुर्ची मिळाली, गाडी मिळाली, आणि मा-लिकांदोनं गावभर सांगितलं की माझ्या पोरीनं आमची दोन्ही घरं सरकारी कागदावर चढवली.

आणि यंदा? यंदा जानेवारीत पाऊस गेला, फेब्रुवारीत नदी कडेपर्यंतही आली नाही. रेडिओवर दरबारचा निरोप आला की राजाची होडी यंदा निघणार नाही. त्या दिवशी याच खोलीत सगळे लोझी कर्मचारी हातातलं काम टाकून बसले होते, एकजण रडलासुद्धा. नासिलेले स्वतः घरी जाऊन जेवली नव्हती. राजा हलला नाही तर कोणीच हलत नाही. नगारा वाजल्याशिवाय, राजाची होडी सुटल्याशिवाय घर उचलायचं नाही, ही काही लिहिलेली गोष्ट नाही, ती अंगात असते. एवढं सगळं अंगात असताना भिंतीवरची ती निळी पट्टी तिला दिसली नाही. रोज तिच्याखाली बसून चहा प्यायची. मार्च म्हणजे वर. मार्च म्हणजे होडी, होडीत पत्र्याची पेटी, पेटीवर बसलेली ती, मा-लिकांदोच्या मांडीला टेकून, मागं सुटत चाललेलं घर आणि पाण्यावर लांबून येणारा नगारा. तो मार्च डोक्यात इतका पक्का की समोर वाळू उडताना दिसत असूनही पाणी येणार नाही हे तिच्यातल्या कुठल्याशा पाच वर्षांच्या पोरीनं मानलंच नाही. राजधानीतल्या माणसाकडून ही चूक झाली नसती. त्यानं नदीची पातळी बघितली असती. ही चूक करायला लोझीच लागतो. आणि गावकऱ्यांनी तरी निरोप का पाठवला नाही? वर पडताळणीची गाडी आल्याचं त्यांना कळलं असणारच. पण तिला ठाऊक होतं का पाठवला नाही. आपली पोरगी तिथं बसली आहे, आपण कुठं असतो हे तिला सांगायचं? या विचारानं तिला एवढा संताप आला की समोरचा टरफलांचा ढीग तिनं हातानं खाली लोटला.

"अरे अरे," हाचिपुका म्हणाला. "मस्करी सोसवत नाही वाटतं आज?"

"मी सही करणार नाही."

"मग सगळी यादी अडकेल. बाकीची नऊ हजार कुटुंबंही. तुमच्या तीनशेंसाठी?" तो आता हसत नव्हता, आणि त्यामुळं बरा दिसत होता. "ऐका. 'कायमचं स्थलांतर' करून टाकू. वर्षाची बंदी टळेल. तीन महिन्यांनी नव्यानं नोंदवू."

"तीन महिने काय खातील?"

"ते मी ठरवलेलं नाही, बाई."

"ती कुठंही गेलेली नाहीत. जन्मात पहिल्यांदा ती कुठंही गेलेली नाहीत आणि तुम्ही म्हणता स्थलांतर लिहा."

"रकाने तीनच आहेत."

तिनं पेन घेतलं. नऊ हजारांच्या यादीवर सही केली आणि तीनशे बारांचं पान फाडून वेगळं काढलं. त्या पानाच्या पाठीवर, उभ्या उभ्या, हाचिपुकाच्या वरच्या माणसाला उद्देशून चार ओळी लिहिल्या. पाणी न आल्यानं माणसं खालच्याच घरी होती. त्यांना वर शोधलं गेलं. शोधायला लावणारं कॅलेंडर माझं. नोंदी खऱ्या, समन्वयक खोटी. शेवटचे दोन शब्द तिनं खोडले नाहीत. हाचिपुकानं ते वाचलं आणि म्हणाला, "याची किंमत तुमची खुर्ची आहे." ती म्हणाली, "पोचवा."

पुढचे सहा दिवस तसेच गेले. पीठ मळताना, नळाखाली हात धरताना, मध्येच तिला त्या टाळ्या ऐकू यायच्या आणि राग पुन्हा पहिल्यापासून चढायचा. आधी म्हातारीवर, मग पेलेकेलोवर, मग रकान्यांवर, आणि फिरून फिरून भिंतीवरच्या निळ्या पट्टीवर. पट्टी फाडून टाकावी असं तिनं दोनदा ठरवलं. दुसऱ्यांदा खुर्चीवर चढलीसुद्धा, आणि तांबडे-निळे ठिपके जवळून बघत तशीच उभी राहिली. लिकोंगाच्या पहिल्या ठिपक्याशेजारी बारीक अक्षरात तिनंच लिहिलं होतं: मा-लिकांदो, माणसं नऊ. तिथं नऊ माणसं आता काय शिजवत असतील? घरात बियाण्याचा मका असेल, तोच कुटला असेल. किंवा कमळाच्या मुळ्या खणत असतील वाळलेल्या डबक्यात. पीठ कमी पडलं की मा-लिकांदो आधी स्वतःचं ताट उपडं ठेवायची आणि मला आज दात दुखतो म्हणायची. तो दात नेमका पीठ कमी असलं कीच का दुखतो, हे लहानपणी नासिलेलेला कळत नव्हतं.

सातव्या दिवशी उत्तर आलं. महिनाअखेरीला तिनं खुर्ची सोडायची. तिन्ही गावांची फेरपडताळणी एकाच दिवशी, उद्याच, खालच्या मैदानात, हाचिपुकाच्या देखरेखीखाली. गावांना आधी कळवायचं नाही, नाहीतर माणसं गोळा करून आणतील. कुटुंब स्वतःच्या घराच्या दारात सापडलं तरच धरायचं. नासिलेलेनं रस्ता दाखवायचा, बोलायचं नाही. खुर्चीचं वाचून तिला काही वाटलं नाही. खालच्या मैदानात हे शब्द मात्र तिनं तीनदा वाचले. जिंकल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याचा लगेच रागही आला.

सकाळी आठला ते निघाले. पेलेकेलो गाडी चालवत होता, हाचिपुका पुढं, ती मागं. मार्चच्या शेवटी या वाटेवर गाडी जाते हेच पटत नव्हतं. खिडकीशी पाणी असायला हवं होतं. तासाभरानं मैदानाच्या मधोमध, जिथून काठ आणि नदी दोन्ही सारख्याच लांब दिसतात, समोरून धूळ येताना दिसली. आधी तिला गुरं वाटली. मग घसरगाड्या दिसल्या. बैल, घसरगाड्यांवर भांडी, गुंडाळलेल्या चटया, टोपल्यात कोंबड्या, डोक्यावर बोचकी घेतलेल्या बायका, पोरं. अख्खं लिकोंगा कोरड्या वाळूतून चालत काठाकडे निघालं होतं, आणि त्याच्या मागं लांबवर आणखी दोन गावं.

"गाडी थांबवा," नासिलेले म्हणाली, आणि थांबायच्या आधी दार उघडून उतरली.

पहिल्याच घसरगाडीपुढं मा-लिकांदो चालत होती. आज तिनं गुडघे टेकले नाहीत. ती थांबली, कपाळावरचा घाम पुसला.

"मा, कुठं चाललात?"

"वरच्या घरी."

"पाणी कुठंय? नगारा कुठंय?"

"नगाऱ्याचं तू मला सांगू नकोस." म्हातारीचा आवाज चढला नाही, पण मागचे बैलसुद्धा थांबले. "वर असतात त्यांना पीठ मिळतं, खाली असतात ते खोटे. बाजारात सगळे हेच सांगत होते. चार दिवस बसलो, सगळ्या म्हाताऱ्यांना विचारलं. राजाच्या आधी घर उचलायचं का? कोणी हो म्हणेना. काल माझ्या नातीला भोवळ आली. मग मीच म्हटलं उचला. मी, समजलं? गावात पहिल्यांदा मी घर उचललं. मेल्यावर माझे बाप-आजे मला विचारतील तेव्हा मी सांगेन, पोरीच्या कागदाला आम्ही तिकडं हवे होतो."

"आज खालीच मोजणार आहेत, मा. आज. मी लिहून पाठवलं, म्हणून आलेत. परत फिरा. दोन तासांत पोचाल."

"आणि घरं? घरं उचलून आलोय. काय फिरून लावू?"

हाचिपुका उतरून आला होता. त्याच्या हातात यादी होती. त्यानं धुळीकडे बघितलं, माणसांकडे बघितलं, आणि मस्करी करायचं तोंड केलं, पण ती आलीच नाही. "बाई," तो नासिलेलेला हळूच म्हणाला, "मला दिसतंय. आंधळा नाही मी. पण दारात सापडायला हवं असं लिहिलंय. इथं तर घरच नाही. मी काय करू?"

तिनं ओठ मिटून मान वळवली. बोलायचं नाही असं लिहिलेलं होतंच, पण त्यासाठी नव्हे. आता तोंड उघडलं तर आपण या माणसाचा गळा धरू, एवढंच तिला कळत होतं.

मा-लिकांदोनं त्याच्याकडे बघून विचारलं, "गुराखी काय म्हणतोय?"

"म्हणतोय दारात सापडायला हवं."

म्हातारी वळली. घसरगाडीवरच्या चटया तिनं एकेक करून बाजूला टाकल्या, कोंबड्यांची टोपली खाली ठेवली, आणि तळातून बोरूचं दार ओढून काढलं. जुनं, धुरानं काळं झालेलं, कडेला कातड्याच्या वाद्या. घर हलवताना भिंती मागं राहतात, दार सोबत येतं. तिनं ते वाळूत उभं केलं, बुडाशी पायानं वाळू लोटली, आणि त्याच्यापुढं, काठ आणि नदीच्या मधोमध, मांडी घालून बसली. नात येऊन तिच्याजवळ बसली, मग सुना, मग बाकीचे. नऊ.

"सांग त्याला," ती म्हणाली. "मोज म्हणावं."

मागच्या घसरगाडीवरूनही एक दार खाली आलं. त्याच्या मागच्यावरूनही. बोरू वाळूत खुपसल्याचा आवाज येत होता, लांबपर्यंत. हाचिपुकानं लांबपर्यंतची दारं बघितली. मग त्यानं यादी उघडली आणि पेलेकेलोकडे पेन मागितलं. पेलेकेलोनं दिलं नाही. तो स्वतःच पुढं झाला, मा-लिकांदोसमोर वाळूत बसला आणि म्हणाला, "नाव सांगा, मा."

वारा सुटला होता आणि वाळूत रोवलेलं दार डुलायला लागलं होतं. ते पडू नये म्हणून नासिलेले मागच्या बाजूला गेली आणि दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.